टेबल कोणाचं?

घरासाठी एकच संगणक घ्यायचा असेल आणि तो बहुतेक दिवस घरातच वापरला जाणार असेल, तर डेस्कटॉप घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. बाजाराचा कल याच्या उलट आहे. बारावीचा निकाल लागून प्रवेश नक्की झाला की घरात चर्चा होते ती कोणत्या कंपनीचा लॅपटॉप घ्यायचा याची. डेस्कटॉपचा विषयच निघत नाही. दुकानदार तो काढत नाही, कारण डेस्कटॉप विकायचा तर सुटे भाग समजावून सांगावे लागतात. मुलं काढत नाहीत, कारण वर्गात सगळ्यांकडे लॅपटॉप असतो. वडीलही म्हणतात, कुठेही नेता येईल, तोच बरा. या 'कुठेही नेता येईल'ची किंमत घरातलं कोण मोजतं आणि कशी मोजतं, ते मला इथे मांडायचं आहे.

नेता येणारा संगणक मुळात कोणासाठी निघाला? १९८१ साली ॲडम ऑस्बोर्न यांनी 'ऑस्बोर्न १' बाजारात आणला. या माणसाचं बालपण तमिळनाडूत तिरुवण्णामलैला गेलं होतं. वडील आर्थर ऑस्बोर्न रमण महर्षींचे भक्त. ॲडम २००३ साली वारले तेही कोडाईकनालला. त्यांचा संगणक सुमारे ११ किलो वजनाचा होता, पडदा अवघा ५ इंचांचा, आणि आत बॅटरी नव्हती. तरी तो हातोहात खपला, कारण पत्रकार, हिशेबनीस, गावोगाव फिरणारे विक्रेते यांची ती खरी गरज होती. पुढच्या वर्षी आलेल्या, झाकण मिटणाऱ्या 'ग्रिड कंपास'ची किंमत ८,००० डॉलरहून जास्त होती आणि तो नासाच्या अंतराळयानातूनही गेला. ज्यांचं काम फिरतीचं होतं त्यांनी जास्त पैसे मोजले, छोटा पडदा सोसला आणि बदल्यात यंत्र सोबत नेलं. या व्यवहारात काही लपलेलं नव्हतं.

चित्र पालटलं ते २००८ मध्ये. त्या वर्षी जानेवारीत स्टीव्ह जॉब्ज यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढून दाखवला, आणि तिसऱ्या तिमाहीत जगभरात पहिल्यांदाच डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप जास्त विकले गेल्याची नोंद आयसप्लाय या बाजार मोजणाऱ्या संस्थेने केली. तेव्हापासून, ज्यांचं काम एका जागी बसून होतं, त्यांनीही फिरतीवरच्या माणसाचं यंत्र घ्यायला सुरुवात केली. तडजोडी मात्र होत्या तशाच राहिल्या. फक्त त्यांच्याबद्दल बोलणं थांबलं.

वेगाचं आधी संपवतो, कारण तो भाग सर्वांना लागू नाही. प्रोसेसर काम करताना तापतो, आणि ती उष्णता बाहेर टाकता आली तरच पूर्ण वेगाने चालतो. डेस्कटॉपच्या प्रोसेसरला साधारण ६५ ते १२५ वॉट वीज घ्यायची मुभा असते, कारण त्याच्यावर भलामोठा हीटसिंक बसतो आणि भोवती हवा खेळते. पातळ लॅपटॉपमध्ये हाच आकडा १५ वॉटच्या आसपास असतो. तापमान १०० अंशांच्या जवळ गेलं की प्रोसेसर आपला वेग आपणच उतरवतो. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे खोलीच ४० अंशांवर असते, त्यात लॅपटॉप गादीवर ठेवला की खालची हवेची जाळी बंद होते. टायपिंग, ईमेल, ऑनलाइन अर्ज एवढंच करणाऱ्याला हा फरक जाणवणारही नाही. पण व्हिडिओ एडिटिंग किंवा ॲनिमेशन शिकणाऱ्या मुलांची यात सरळ फसगत होते, कारण नावं सारखीच ठेवलेली असतात. एनव्हिडियाचं 'आरटीएक्स ४०९०' डेस्कटॉपमध्ये २४ जीबी मेमरी घेऊन ४५० वॉटपर्यंत चालतं. त्याच नावाचं लॅपटॉपमधलं कार्ड वेगळ्या, लहान चिपवर बनलेलं आहे, मेमरी १६ जीबी, आणि वीज निम्म्याहूनही कमी. कर्ज काढून असा लॅपटॉप घेणाऱ्या घराला हे खोक्यावर ठळक अक्षरांत वाचायला मिळालं पाहिजे. आज मिळत नाही.

शरीराची गोष्ट मात्र सगळ्यांची आहे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, पडदा हातभर लांब, कोपर काटकोनात, मनगट सरळ, ही बसण्याची साधी रीत. लॅपटॉपमध्ये ती पाळताच येत नाही. पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले, त्यामुळे पडदा डोळ्यांपर्यंत उचलला तर हात वर जातात, आणि हात खाली ठेवले तर मान वाकते. आपण मान वाकवतो. केनेथ हान्सराज या अमेरिकी शल्यविशारदांनी २०१४ मध्ये गणित मांडून दाखवलं होतं की सुमारे ५ किलोंचं डोकं ३० अंश पुढे झुकलं की मानेवर साधारण १८ किलोंचा भार येतो. हा गणिती अंदाज आहे, तेव्हा आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण पलंगावर मांडी घालून रोज पाच-सहा तास काम करणाऱ्या कोणालाही मान आणि खांद्याच्या मधल्या त्या दुखऱ्या जागेबद्दल विचारा. उपाय म्हणून लॅपटॉपखाली स्टँड, वेगळा कीबोर्ड, वेगळा माउस आणि शेवटी वेगळा मॉनिटर घेतला जातो. त्यानंतर टेबलावर जे उभं राहतं तो डेस्कटॉपच असतो, फक्त दुप्पट पैशांचा आणि निम्म्या ताकदीचा.

दुरुस्तीबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्यांत संगणक पोचला तो दुरुस्त करता येत होता म्हणून. आयबीएमने १९८१ मध्ये आपला पहिला पीसी काढला तेव्हा त्याच्या सर्किटची रेखाटनं तांत्रिक पुस्तिकेत छापून टाकली आणि आत वाढीव कार्डांसाठी खाचा ठेवल्या. कोणीही जुळणारा भाग बनवू लागलं. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप आणलं. मदरबोर्डच्या स्क्रूची भोकं कुठे असावीत, पॉवर सप्लाय कुठे बसावा, हे ठरून गेलं. म्हणून वीस वर्षांपूर्वीच्या कॅबिनेटमध्ये आजचा मदरबोर्ड बसतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड याच मोकळेपणावर उभा राहिला. तिथून भाग आणायचे, गावात जोडायचे, 'असेंबल्ड पीसी' म्हणून विकायचे. हा धंदा करणारी पोरं मोठ्या कॉलेजांत शिकलेली नव्हती. उघडं कॅबिनेट हीच त्यांची शाळा. रॅम काढून खोडरबराने घासून परत बसवणं, ब्लोअर मारणं, फॉरमॅट मारणं, एसएमपीएस बदलणं, हे ती बघून बघून शिकली. २००१ मध्ये एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम सुरू झाला तेव्हा गावोगावच्या केंद्रांतले संगणक चालू ठेवणारे हात हेच होते. तालुक्याची साप्ताहिकं, लग्नपत्रिका, प्रचाराची पत्रकं छापणारी डीटीपीची दुकानं श्रीलिपी आणि पेजमेकर घालून याच यंत्रांवर चालली. एकेक यंत्र रॅम वाढवत, हार्ड डिस्क बदलत दहा-दहा वर्षं राबलं.

आज लॅपटॉपची हिंज तुटली, कीबोर्डची चार बटणं मेली किंवा मदरबोर्ड गेला, की त्या मॉडेलचा तोच भाग लागतो, आणि तो तीन वर्षांनी मिळेलच असं नाही. बऱ्याच पातळ मॉडेलांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. लिथियम-आयन बॅटरी साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची क्षमता उतरू लागते, आणि सतत चार्जरला लावून गरम ठेवली तर त्याआधीच. घरातला लॅपटॉप बहुतेक वेळ नेमका असाच वापरला जातो, म्हणजे जिच्यासाठी जास्त पैसे दिले ती बॅटरी न वापरताच म्हातारी होते. चहा सांडण्याचं उदाहरण घ्या. डेस्कटॉपच्या कीबोर्डवर सांडला तर पाचशे रुपयांचा कीबोर्ड जातो. लॅपटॉपवर सांडला तर चहा कीबोर्डमधून मदरबोर्डवर उतरतो, आणि दुरुस्तीचा आकडा ऐकून माणूस नवा लॅपटॉप बघायला लागतो. लॅपटॉपमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो कारखान्यात बनतानाच झालेला असतो, त्यामुळे दर चार वर्षांनी नवा घेण्याचं नुकसान त्याला लागणाऱ्या कमी विजेने भरून निघत नाही.

लॅपटॉप असा बंदिस्तच असतो, हा मात्र निसर्गनियम नाही. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पाचा हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या एका एकशिक्षकी शाळेत प्रयोग म्हणून आला होता. उन्हात वाचता येईल असा पडदा, अगदी कमी वीज, साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडता येईल अशी बांधणी, आणि हँडलच्या आत जास्तीचे स्क्रूसुद्धा ठेवलेले. २०२१ पासून फ्रेमवर्क नावाची कंपनी सगळे भाग सुटे होणारे लॅपटॉप विकते आहे. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणाची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढून बदलता आली पाहिजे, असा कायदा लागू होतो. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षअखेरीस एक पोर्टल काढलं. पोर्टल म्हणजे हक्क नव्हे. सुटे भाग इतकी वर्षं पुरवलेच पाहिजेत, असं बंधन येईपर्यंत दुरुस्त होणारं यंत्र हवं असेल तर डेस्कटॉपकडेच वळावं लागेल.

इथवरचे मुद्दे यंत्राचे होते. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो माणसांचा मुद्दा.

२०२०च्या टाळेबंदीत तो उघड झाला. घरात एक टेबल. त्यावर नवऱ्याची मीटिंग. मुलाचा ऑनलाइन वर्ग हॉलमध्ये, कारण तिथे नेटवर्क चांगलं. शाळेत शिक्षिका असलेली त्याची आई आपला लॅपटॉप घेऊन आधी बेडरूममध्ये, तिथे सासूबाई झोपल्या की स्वयंपाकघरात, ओट्याच्या कोपऱ्यावर. तिला कोणी जा म्हटलं नव्हतं. तसं म्हणायची गरजच नव्हती, कारण तिचं यंत्र हलणारं होतं. यंत्र हलवता येतं तेव्हा घर आपोआप ठरवतं की कोणाचं काम थांबू शकतं आणि कोणाचं सरकू शकतं, आणि सरकतं ते ज्याचं काम कमी महत्त्वाचं मानलं जातं त्याचं. टाळेबंदी उठली, ही वाटणी उठली नाही. घरून शिवणाचे, केटरिंगचे हिशेब ठेवणाऱ्या, भाषांतरं करणाऱ्या, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या कितीतरी बायका अजूनही दिवसातून तीन-चार जागा बदलतात. प्रत्येक वेळी उठायचं, चार्जर गुंडाळायचा, नवा प्लग शोधायचा, तुटलेला धागा पुन्हा पकडायचा. याला लवचीकता म्हणतात. मला तो अन्याय वाटतो. डेस्कटॉप घेतला की घराला एकदाच आणि उघडपणे ठरवावं लागतं: ही भिंत, हा प्लग, ही खुर्ची, आणि इथे बसणाऱ्याला उठवायचं नाही. मी डेस्कटॉपचा आग्रह धरतो तो मुख्यतः या ठरवण्यासाठी.

कचेऱ्यांचंही तेच. कंपनी लॅपटॉप देते तेव्हा तो भेट म्हणून घरी येत नाही, काम घेऊन येतो. टेबलावरचं यंत्र बंद करून माणूस घरी जायचा तेव्हा दिवस संपायचा. आता रात्री साडेनऊला 'जरा उघडून बघ ना' म्हणता येतं, कारण उघडायला काहीतरी घरात आहे. फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर संपर्क न ठेवण्याच्या हक्कावर वाटाघाटी करणं बंधनकारक केलं. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये याच हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. त्याचा कायदा झाला नाही. 'मग डेस्कटॉपवर घरून काम कसं करणार?' असं विचारलं जातं. मार्च २०२० मध्ये भारतातल्या अनेक आयटी कंपन्यांनी कर्मचाऱ्यांच्या घरी टेम्पोने डेस्कटॉप पोचवले होते, आणि काम झालं होतं. गरज असते तेव्हा डेस्कटॉपही हलतो. तो रोज रात्री हलत नाही, एवढंच.

आता ज्यांना लॅपटॉपच लागतो त्यांच्याबद्दल. पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाला डेस्कटॉप घे म्हणणं निर्दयपणा आहे. त्याच्या वाट्याला एक पलंग आणि एक कपाट येतं, आणि दर वर्षी खोली बदलते. वसतिगृहातल्या मुलीचंही तसंच. बातमीदार, लेखापरीक्षक, साइटवर जाणारे अभियंते, ज्यांचं काम खरंच चार ठिकाणी चालतं, त्यांच्यासाठी तर हे यंत्र जन्मलं. वीज तासन् तास जाणाऱ्या गावात लॅपटॉप निर्विवाद सरस आहे. छोटा यूपीएस डेस्कटॉपला दहा-पंधरा मिनिटं तगवतो, तेवढ्यात फाइल सेव्ह होते, परीक्षेचा अर्ज भरून होत नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर हा मुद्दा सौम्य होतो. विजेच्या बिलाचा हिशेबही प्रामाणिकपणे मांडायला हवा: मॉनिटरसह १०० वॉट घेणारा डेस्कटॉप रोज सहा तास चालला तर महिन्याला १८ युनिट लागतात, ३० वॉटच्या लॅपटॉपला साडेपाचच्या आसपास.

माझ्या मताला सर्वांत जड जाणारा आक्षेप वेगळाच आहे. तमिळनाडू सरकारने २०११ पासून सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुला-मुलींना लॅपटॉप द्यायला सुरुवात केली. तो मुलीच्या नावाचा होता, तिच्या दप्तरात राहणारा. त्याऐवजी हॉलमध्ये घराचा म्हणून डेस्कटॉप आला असता, तर त्यावर आधी भाऊ बसला असता, मग वडील, आणि तिची पाळी भांडी झाल्यावर आली असती. हे खरं आहे. ज्या घरात मुलीला जागा मिळणारच नाही, तिथे तिला सोबत नेता येणारं यंत्र हीच तिची जागा. अशा मुलीच्या हातातून लॅपटॉप काढून घ्या, असं मी कधीच म्हणणार नाही. पण हा आक्षेप माझ्या म्हणण्याला खोडत नाही, उलट त्याच्या मुळाशी नेतो. लॅपटॉपने तिला यंत्र दिलं. टेबल द्यायचं बाकीच राहिलं. ज्यांना ते देता येणं शक्य आहे, ज्यांच्याकडे दोन खोल्या आणि एक रिकामी भिंत आहे, तेसुद्धा 'लॅपटॉप आहे ना तिला' म्हणून मोकळे होतात, आणि माझा राग त्यावर आहे.

डेस्कटॉप घरात बसायला किती जागा लागते, याच्या जुन्या कल्पना आता खऱ्या नाहीत. हाताच्या तळव्याएवढे मिनी पीसी मॉनिटरच्या पाठीमागे स्क्रूने बसतात. चार फूट रुंद, दोन फूट खोल फळी भिंतीला लावली तरी पुरते. वापर झाला की वर मिटणारी फळी सुतार दोन दिवसांत करून देतो. अर्थिंग असलेला प्लग मात्र नीट तपासून घ्यावा, आणि पडद्यावर मागच्या खिडकीचा उजेड पडणार नाही अशी भिंत निवडावी.

सध्या तर स्वस्तात सुरुवात करायची चांगली संधी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो, म्हणून कचेऱ्या आपले चांगले चालणारे, मोठ्या कंपन्यांच्या बनावटीचे डेस्कटॉप लॉटने काढून टाकतात. ते जुन्या मालाच्या बाजारात येतात. असा एखादा घेऊन त्यात एसएसडी आणि थोडी रॅम टाकायची, लिनक्स घालायचं. लिनक्समध्ये युनिकोड मराठी टायपिंगची सोय आहे, लिब्रेऑफिस आहे, ब्राउझर आहे. अभ्यास, लेखन, हिशेब, अर्ज भरणं यांना आणखी काही लागत नाही. यंत्र बिघडलं तर तालुक्यातला कोणीही मेकॅनिक ते उघडू शकतो. नव्या मध्यम लॅपटॉपच्या किमतीत हे सगळं, वर एक बरा मॉनिटर, पाठीला आधार देणारी खुर्ची आणि सुताराची मजुरीही बसते.